दोन बोटं नायट्रोजन

९४

"चौऱ्याण्णव," बुद्धप्रिया म्हणाली, आणि निवृत्तीने हातातला पुठ्ठा जोरजोरात हलवायला सुरुवात केली.

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटची एक बाजू काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. आत तीन पंखे फिरत होते, बाहेरून टेबल फॅन लावला होता, तरी निवृत्तीचा खरा भरवसा पुठ्ठ्यावर होता.

"पंच्याण्णव. बाबा, राहू द्या तो पुठ्ठा. खोलीतली गरम हवाच आत लोटून राहिले तुम्ही."

तो थांबला. मग सवयीने त्याने हाताची पाठ कॅबिनेटच्या पत्र्याला लावली. जनावरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून त्याची चौतीस वर्षं गेली होती. गाईला ताप आहे की नाही हे तो तिच्या कानाच्या मुळाशी असाच हात लावून सांगायचा. थर्मामीटर नंतर यायचं, आणि तेच सांगायचं.

"सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव."

स्क्रीन काळी झाली. पंखे रेंगाळत थांबले.

"गेलं?"

"गेलं न्हाई. आपणहून बंद पडलं. शंभराला टेकायच्या आत जीव वाचवतं ते."

"शहाणं हाय," निवृत्ती म्हणाला. "बैलाला हे कळत न्हाई. पडेपर्यंत ओढत ऱ्हातो."

स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोने, ज्योत्स्नाने, पेशंट गेला का म्हणून विचारलं. बुद्धपौर्णिमेची सुट्टी होती. ती खीर ढवळत होती, आणि दोघांनी मिळून त्या डबड्यापेक्षा खिरीकडे लक्ष दिलं असतं तर बरं झालं असतं, असंही तिने ऐकवलं. हदगावात त्या दुपारी त्रेचाळीस अंश होते. खिरीखालचा गॅस आणि हा कॉम्प्युटर, घरात दोनच गोष्टी त्याहून गरम होत्या.

कंपनीने तो प्रोसेसर चार पॉइंट दोन गिगाहर्ट्झच्या वेगाला बांधून दिला होता. बुद्धप्रियाला तो पाचावर पळवायचा होता. वेग वाढवायचा तर वीज जास्त द्यावी लागते, वीज जास्त दिली की तो तापतो, आणि ताप बाहेर काढता आला नाही तर वेगाला काही अर्थ उरत नाही. एवढं निवृत्तीला पहिल्याच दिवशी समजलं होतं. हे सगळं करायचं कशासाठी, तेवढं समजलं नव्हतं. ते त्याने विचारलंही नव्हतं.

इंटरनेटवर एक यादी होती. हाच जुना प्रोसेसर घरी असलेली देशभरातली पोरं तिच्यात होती. चार मिनिटांची एक परीक्षा, ती जो सगळ्यांत जास्त वेगाने पार पाडील तो वर. बुद्धप्रिया चार पॉइंट सातवर होती आणि आठवी होती. यादी रविवारी संध्याकाळी सहाला बंद होणार होती. आज शुक्रवार.

मलम

त्या उन्हाळ्यातला हा पहिला अपघात नव्हता. पहिला निवृत्तीच्या हातून झाला होता.

प्रोसेसर आणि त्याच्यावर बसणारा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये पांढरी पेस्ट लावावी लागते, मटाराच्या दाण्याएवढी. एप्रिलमध्ये ती संपली. नवी नांदेडहून यायला चार दिवस लागणार होते. बुद्धप्रिया कॉलेजला गेलेली असताना निवृत्तीने रिकामी ट्यूब चष्मा लावून वाचली. झिंक ऑक्साइड. मग तो हसला, कारण झिंक ऑक्साइड काय असतं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. गाईची सडं उन्हाने तडकली की जे पांढरं मलम लावतात, त्यातही तेच असतं. त्याने मेडिकलमधून ट्यूब आणली आणि सडाला लावतात तसं सढळ हाताने लावून टाकलं.

दोन दिवस कॉम्प्युटर अडुसष्टच्या वर गेला नाही. निवृत्ती दवाखान्यातही सांगत सुटला. तिसऱ्या दिवशी मलम पातळ झालं, ओघळलं आणि मदरबोर्डवर पांढऱ्या रेघा ओढत खाली आलं. घरभर गोठ्याचा वास.

बुद्धप्रियाने आत डोकावून बघितलं.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "हिला सडं न्हाईत."

आणि मग ती हसायला लागली. कापूस आणि स्पिरिट घेऊन दोन तास ते पुसत बसली, निवृत्ती मोबाइलची बॅटरी धरून शेजारी बसला, आणि मधेमधे तिला पुन्हा हसू यायचं. ज्योत्स्ना दारात येऊन उभी राहिली होती. तिने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने तिच्याकडे. बोललं तर ते हसणं थांबेल असं दोघांनाही वाटलं असावं.

कारण त्याआधीची दोन वर्षं पोरीचं हसणं लातूरला राहिलं होतं. बारावीनंतर तिला तिथे क्लासला ठेवलं होतं, एका खोलीत चौघी. तिने जनावरांची डॉक्टर व्हावं ही इच्छा निवृत्तीची. डॉक्टरांच्या हातात चौतीस वर्षं सामान देत आलेला माणूस दुसरं काय मागणार. पहिल्या वर्षी तिला नऊ मार्क कमी पडले, दुसऱ्या वर्षी तेवीस. ती परत आली ती नुसती जेवायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. नांदेडच्या कॉलेजात बीसीएला नाव घातलं, तेही ज्योत्स्नानेच. मग एका दिवशी बंद पडलेल्या कॉम्प्युटरचं झाकण तिने उघडलं, आत साचलेली धूळ ब्रशने काढली, आणि जेवताना सहज म्हणाली की धुळीने चौदा अंश वाढत होते.

लातूरहून आल्यावर कुणी न विचारता बोललेलं ते तिचं पहिलं वाक्य होतं.

उणे १९६

शुक्रवारीच, कॉम्प्युटर थंड होईपर्यंत, निवृत्ती स्क्रूड्रायव्हर शोधायला तिच्या ड्रॉवरमध्ये शिरला आणि वह्यांच्या मागे त्याला तांब्याचा एक पेला सापडला. पेला म्हणजे भरीव ठोकळा आतून कोरलेला, जाड बुडाचा, चांगला वजनदार.

"हे काय?"

"नांदेडला लेथवाल्याकडून करून घेतला."

"कशाला?"

तिने मोबाइलवर व्हिडिओ लावून त्याच्या हातात दिला. परदेशातला कुणीतरी दाढीवाला, हातात जाड हातमोजे. त्याने असाच पेला प्रोसेसरवर बसवला होता आणि थर्मासमधून त्यात काहीतरी ओतत होता. पेल्यातून पांढरा धूर बाहेर सांडत होता, वर न जाता टेबलावरून खाली घरंगळत होता.

निवृत्तीने तो धूर ओळखला. त्या धुराला ओळखायला त्याला अर्धा सेकंदही लागला नाही.

"आरं, हा तर आपला नायट्रोजन."

"हाव."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. पेल्याला मधे हिरवट डाग पडायला लागला होता. म्हणजे महिना तरी झाला असेल. महिनाभर पोरगी तांब्याचा पेला वह्यांमागे ठेवून बसली होती, रोज सकाळी बाप नायट्रोजनच्या दवाखान्यात जाताना बघत होती, आणि तिने एकदाही विचारलं नव्हतं.

हदगावपासून आठ किलोमीटरवरच्या एका गावात तो दवाखाना होता. त्यातल्या कोपऱ्यात कमरेएवढा ॲल्युमिनियमचा जार. आत द्रवरूप नायट्रोजन, उणे एकशे शहाण्णव अंश, आणि त्यात बुडवून ठेवलेल्या बारीक नळ्या. वळूचं रेत असलेल्या या नळ्यांना सगळे स्ट्रॉच म्हणायचे. एक स्ट्रॉ बाहेर काढायची, सदतीस अंशाच्या पाण्यात तीस सेकंद धरायची, पुसून डॉक्टरांच्या हातात द्यायची. निवृत्तीचं काम एवढंच. पण नायट्रोजन रोज थोडा उडत असतो. तो उतरू न देणं हेही त्याचंच काम, आणि चौतीस वर्षांत तो चार बोटांच्या खाली गेला नव्हता.

पोरीने अजूनही काही मागितलं नव्हतं. उत्तर मात्र निवृत्तीनेच दिलं.

"माय, ते माझं न्हाई. तसं बघितलं तर सरकारचंबी न्हाई. त्या स्ट्रॉंचं हाय ते."

"मी कुठं काय म्हणले," बुद्धप्रिया म्हणाली, आणि पेला त्याच्या हातातून घेऊन पुन्हा वह्यांच्या मागे ठेवला.

खीर चांगली झाली होती. तिघांनी दोनदा घेतली.

शनिवार, गाडीचा शेवटचा थांबा

नायट्रोजनची गाडी लातूरहून पंधरा दिवसांनी यायची. तिच्यावर उदगीरचा वीरभद्र असायचा, ड्रायव्हरही तोच आणि भरणाराही तोच. निवृत्तीचा दवाखाना त्याच्या फेरीतला शेवटचा. जार गळ्यापर्यंत भरून झाला, तोंडाभोवती नेहमीसारखं बर्फाचं पांढरं कडं धरलं, आणि वीरभद्रने टाकीच्या तळाचा कॉक उघडला. उरलेला नायट्रोजन अंगणात धूर करत पसरला. परत जाण्याआधी टाकी अशी रिकामी करायची पद्धत होती. सुमनबाई, दवाखान्याची झाडलोट करणारी बाई, तेवढ्यात पायावर गारवा घ्यायला पायरीवर येऊन बसायची.

निवृत्तीने हे शेकडो वेळा बघितलं होतं. आज मात्र त्याने एक पाऊल पुढे टाकलं.

"असं किती जातं रे हे?"

"दोन-तीन लिटर. का, अण्णा?"

निवृत्तीने का ते सांगितलं. सांगताना तो दोनदा अडखळला, कारण मागण्याची सवय नव्हती. वीरभद्रने कॉक बंद केला. सीटखालून स्वतःचा तीन लिटरचा छोटा जार काढला, बाहीने पुसला.

"चौतीस वर्षं इथं काढली तुम्ही," तो म्हणाला, "आणि आज तोंड उघडलं. मंगळवारी फिरून येतो मी. तवा जार द्या."

तरीही निवृत्तीने आधी डॉक्टरांना फोन लावला. श्रीनाथ डॉक्टर सहकुटुंब माहूरला निघाले होते. गाडीत उरलेलं आपल्या साठ्यातलं नाही, मग मला कशाला विचारता, असं ते म्हणाले. फोन ठेवता ठेवता पोरीला हातमोजे घालायला सांगा म्हणाले, आणि मग, किती वेगाला नेणार आहे ती, हेही विचारलं.

घरी आल्यावर निवृत्तीने तो जार खोलीच्या मधोमध ठेवला आणि हातपाय धुवायला गेला. चूळ भरताना त्याला आतून ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला.

४३

रविवारी दुपारी दोन वाजता सगळी तयारी झाली.

मदरबोर्डवर बुद्धप्रियाने व्हॅसलीनचा पातळ थर दिला होता, गारव्याने दव धरलं तर पाणी आत जाऊ नये म्हणून. या वेळचं मलम बरोबर होतं, असं ती म्हणाली. पेल्याभोवती जुन्या सतरंजीचे तुकडे आणि हदगावचा कापूस, तोही सरकीसकट. कूलर बंद करावा लागला, कारण त्याची ओली हवा खोलीत नको होती. दारं-खिडक्या उघड्या, कारण बंद खोलीत नायट्रोजन उडाला तर माणसाचा श्वास कोंडतो. हे निवृत्तीने दोनदा सांगितलं. म्हणजे बाहेरचे त्रेचाळीस अंश सगळेच्या सगळे आत आले होते. तिघंही घामाने भिजले होते. ज्योत्स्नाने मोलकरणीलासुद्धा कुणी असं बसवत नाही असं म्हटलं, पण ती उठून गेली नाही.

चार मिनिटांची परीक्षा. अर्धा लिटर पुरला असता, पण पेला आधी थंड करायला तेवढाच, आणि दोन-तीनदा तरी करावं लागणार होतं. यादीत पहिला बेंगळुरूचा होता, पाच पॉइंट दोन. बुद्धप्रियाच्या हिशेबाने नायट्रोजनवर साडेपाच सहज होते.

"म्हणजे पहिला नंबर?" ज्योत्स्नाने विचारलं.

"हाव."

पहिला नंबर हा शब्द त्या घरात बऱ्याच दिवसांनी उच्चारला गेला होता.

निवृत्तीने हातमोजे चढवले, जारचं झाकण काढलं. आणि फोन वाजला. हात गुंतलेले म्हणून बुद्धप्रियाने तो स्पीकरवर घेतला.

दोन बोटं

"जयभीम दादा," सुमनबाई म्हणाल्या. "त्या मोठ्या जारला बाहेरून बर्फ धरलाय."

"तोंडाला धरतोच की."

"तोंडाला न्हाई. समद्या अंगाला. सकाळीच बघितला मी. काल भरलाय, म्हणून गार असंल असं वाटलं मला."

निवृत्ती खाली बसला. जारला दोन भिंती असतात, मधे हवा काढून टाकलेली पोकळी. तिच्यात हवा शिरली की जार जार राहत नाही, पाण्याच्या हंड्यासारखा होतो. बाहेर त्रेचाळीस, आत उणे एकशे शहाण्णव, आणि मधे पत्रा. त्याने सुमनबाईंना भिंतीवरची लाकडी पट्टी आत बुडवून, दहा मोजून बाहेर काढायला सांगितलं. जिथपर्यंत नायट्रोजन असतो तिथपर्यंत पट्टीवर पांढरं धरतं.

फोनमध्ये पावलं वाजली. झाकणाचा आवाज आला.

"दोन बोटं," सुमनबाई म्हणाल्या.

आत एकशे ऐंशी स्ट्रॉ होत्या. त्यातल्या तीस एका लाल कंधारी वळूच्या, जो गेल्या वर्षी मेला होता आणि ज्याची वासरं तालुक्यात लोक नावाने ओळखायचे. नायट्रोजन संपला असता तरी स्ट्रॉ तशाच दिसल्या असत्या. वास नाही, रंग नाही. निवृत्तीने त्या सदतीस अंशाला धरल्या असत्या, डॉक्टरांनी वापरल्या असत्या, आणि पुढचे चार महिने गावोगावच्या गाई गाभण न राहता उलटत, म्हणजे पुन्हापुन्हा माजावर येत, राहिल्या असत्या. का, ते कुणालाही कळलं नसतं. फक्त त्याला कळलं असतं.

वीरभद्रचा फोन लागला. तो उदगीरला घरी पोहोचला होता. डॉक्टर म्हणाले, नांदेडहून दुसरा जार घेऊन येतो, पण रात्र होईल. तोपर्यंत?

तोपर्यंत धड असलेला एकच जार होता, तीन लिटरचा, आणि तो या खोलीत होता.

निवृत्तीने पेल्याकडे बघितलं. मग पोरीकडे न बघता, घड्याळाकडे बघत म्हणाला,

"आधी तुझं करू. चार मिनिटं तर लागतेत. एकदाच करू. मग जातो मी."

त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ओळखीचा वाटला नाही. बुद्धप्रियाने स्पीकर बंद केला.

"तिथं किती लागतंय?"

तो हातमोजा ओढून घट्ट करत राहिला.

"बाबा, किती?"

"समदं."

तिने जारचं झाकण उचललं आणि परत तोंडावर बसवलं.

"मग गाडी काढा," ती म्हणाली. "जार मी धरते."

एक ते आठ

मोटारसायकलवर मागे बसून, जार मांडीवर सरळ धरून ती आठ किलोमीटर गेली. एरवी खड्ड्यांवरून गाडी दामटणारा निवृत्ती प्रत्येक खड्ड्याला वळसा घालत होता.

दवाखान्यात गेल्यावर त्याने तिला एकच सांगितलं. स्ट्रॉंच्या सहा जुड्या आहेत. एकेक चिमट्याने उचलून या जारमधून त्या जारमध्ये घालायची. हवेत आठ सेकंदांच्या वर राहिली तर आतून तापायला लागते. "तू मोज. मोठ्यानं मोज."

तिने मोजलं.

एक, दोन, तीन, चार, पाच. आत.

एक, दोन, तीन, चार, पाच. आत.

एक, दोन, तीन, चार. आत.

मध्ये धूर. निवृत्तीचा हात त्यातून खाली जायचा, न दिसणाऱ्या ठिकाणी बरोबर पोहोचायचा, वर यायचा, वळायचा, पुन्हा खाली. त्यात घाई अजिबात नव्हती. घरी पुठ्ठा हलवणारा माणूस तो हाच का, असं तिला वाटलं. तिचा कॉम्प्युटर शंभराच्या आत आपणहून बंद पडायचा. इथे आपणहून बंद पडणारं काही नव्हतं. बाबांचा हात होता आणि तिचे आकडे होते.

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आत.

एक, दोन, तीन, चार, पाच. आत.

सहावी जुडी बर्फाने धरून बसली होती. एक, दोन, तीन, ती तोंडापर्यंत आली आणि अडकली, चार, पाच, सहा. तिचा आवाज चढला. सात म्हणायच्या आत निवृत्तीने जुडी परत खाली सोडली. थांबला. चिमट्याच्या टोकाने जारच्या तोंडातला बर्फ खरवडून काढला. बाहीने कपाळ पुसलं.

"पुन्हा एकपासून."

एक, दोन, तीन, चार.

आत.

ती कंधारी वळूची जुडी होती, हे त्याने नंतर सांगितलं.

मग त्याने पट्टी तिच्या हातात दिली. तिने ती छोट्या जारमध्ये बुडवली, दहा मोजले, बाहेर काढली. पांढरी रेघ होती, आणि ती तिच्या डोळ्यांदेखत वितळायला लागली होती.

"लवकर वाच," निवृत्ती म्हणाला. "पुसून जाती."

"सहा बोटं."

"बास."

सुमनबाई दारात उभ्या होत्या. सकाळीच सांगायला पाहिजे होतं, असं त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या. बर्फ तर नेहमीच दिसतो, तुम्ही पट्टी बरोबर वाचली म्हणून वाचल्या स्ट्रॉ, असं निवृत्ती त्यांना म्हणाला. मग त्यांनी दोघांना माठातलं पाणी दिलं.

रस्त्यावर

परत येताना सव्वाचार झाले होते. हदगावच्या अलीकडे रसवंतीवर तो थांबला. दोन ग्लास, आल्याचे. बुद्धप्रियाने अर्धा ग्लास एका दमात संपवला आणि मग हळू प्यायला लागली. रसवंतीवाला गोणपाटात गुंडाळलेल्या लादीवरून बर्फाचे तुकडे फोडत होता.

निवृत्ती त्या लादीकडे बघत राहिला.

"त्या पेल्यात," तो म्हणाला, "बर्फ चालतो का?"

"शून्याच्या खाली जात न्हाई तो."

"मीठ घातलं तर जातो. कुल्फीवाला घालतो की."

बुद्धप्रियाने ग्लास खाली ठेवला. डोळे बारीक करून तिने मनात काहीतरी मांडलं, पुसलं, पुन्हा मांडलं.

"उणे दहापर्यंत जाईल," ती म्हणाली. "बाबा, किती घ्यायचा?"

रसवंतीवाल्याला एवढा बर्फ कशाला ते सांगत बसायला वेळ नव्हता. पेशंटला लागतो, असं निवृत्तीने सांगितलं, आणि त्याने गोणपाटासकट दिला.

४४

ज्योत्स्नाने टॉवेलमध्ये बर्फ गुंडाळून तो लाटण्याने फोडला. पळत आत गेली आणि मिठाचा अख्खा पुडा घेऊन आली. पाच पस्तीस.

पहिल्यांदा बुद्धप्रियाने पाच पॉइंट एक लावला. दीड मिनिटाने स्क्रीन निळी होऊन परीक्षा बंद पडली. तिने एक शब्द तोंडातल्या तोंडात म्हटला, जो ज्योत्स्नाने ऐकूनही ऐकला नाही. पेल्यातलं पाणी काढलं, नवीन बर्फ, नवीन मीठ. पाच एकोणपन्नास.

"पाच पॉइंट शून्य," ती म्हणाली. "आता पुन्हा जमायचं न्हाई. वेळच न्हाई."

पेला एका बाजूला कलत होता. निवृत्तीने तो हाताने धरला. हातमोजे सापडेनात, म्हणून तसाच धरला.

"तीन," बुद्धप्रिया वाचत होती. "अकरा. एकोणीस. सव्वीस."

ज्योत्स्ना चमच्याने बर्फ टाकत होती. खारं पाणी निवृत्तीच्या बोटांवरून ओघळत होतं. चौतीस वर्षांत नायट्रोजनचे थेंब पडून त्या बोटांवर तांदळाएवढे पांढरे डाग पडले होते. तिथे त्याला आता गार लागत नव्हतं, बाकी सगळीकडे लागत होतं.

"तेहतीस. अडतीस. चाळीस. बाबा, हलू नका." नियमाप्रमाणे चालू मशीनचा फोटो लागायचा. तिने एका हाताने मोबाइल धरून तो काढला. "बेचाळीस. त्रेचाळीस."

टेबल फॅनही बंद होता. बाहेर रस्त्यावरून एसटी गेली.

"चव्वेचाळीस."

परीक्षा संपली. स्क्रीन चालूच राहिली. आत चव्वेचाळीस आणि खोलीत त्रेचाळीस. पाचाच्या वेगाने चार मिनिटं धावून तो प्रोसेसर त्यांच्याइतकाच तापला होता.

"झालं?" निवृत्तीने विचारलं. त्याने पेला अजून सोडला नव्हता.

"झालं."

पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी तिने आकडा भरला आणि यादी पुन्हा उघडली. आठवीची तिसरी झाली होती. ज्योत्स्नाने तिसरी म्हणजे किती जणांत ते विचारलं. चारशे बारा. मग ज्योत्स्ना कूलर लावायला गेली, आणि जाता जाता पोरीच्या डोक्यावर हात ठेवून गेली.

"पयल्यानं काय लावलं व्हतं?" निवृत्तीने विचारलं.

बुद्धप्रियाने वाचून बघितलं. पहिल्याने दुपारीच आपला आकडा वाढवला होता.

"नायट्रोजन."

"आपल्याकडंबी व्हता."

"हाव," ती म्हणाली. "व्हता."

दोघंही हसले. कूलर सुरू झाला, आणि ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला.

फोटो टाकायचा राहिला होता. तिने तो उघडला. घाईत तो वाकडा आला होता. कॉम्प्युटर अर्धाच, पेला जेमतेम, आणि मधोमध निवृत्तीचा हात, ओला, पांढऱ्या डागांचा. त्याने खांद्यावरून वाकून बघितलं.

"हात आला की मधे. काप तेवढा. न्हाईतर दुसरा काढ."

सहाला दोन मिनिटं कमी होती. कापायला दहा सेकंदही लागले नसते.

"राहू द्या," ती म्हणाली.

खाली थंड करण्याचं साधन लिहायची जागा होती. तिथे तिने बर्फ आणि मीठ लिहिलं आणि बटण दाबलं. यादीत तिसऱ्या ओळीवर तिच्या नावाशेजारी नखाएवढा फोटो आला. एवढ्या लहान आकारात मशीन ओळखू येत नव्हतं, पेलाही नाही. नुसता हात दिसत होता.